इंग्लंडच्या पटावरील परदेशी मोहरे

(द्वितीय वर्ष, कला)

बुद्धिबळाचा जन्म हिंदुस्थानात झाला हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. चतुरंगापासून इराणचा शतरंज झाला, तो अरबांच्या हातून युरोपात गेला आणि तिथे त्याने आजचे रूप घेतले. यात खोटे काही नाही. परंतु जन्म देणारे घर एक आणि हिशेब ठेवणारे घर दुसरे, असे पुष्कळदा घडते. एकोणिसाव्या शतकात या खेळाचे नियम, पुस्तके, मासिके, स्पर्धा सारे युरोपात ठरू लागले, आणि त्यातही लंडन शहराला मोठा मान मिळाला. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १८५१ साली लंडनलाच भरली. साहजिकच देशोदेशीचे बलवान खेळाडू इंग्लंडकडे आले, तिथे राहिले, कोणी तिथेच मेले, तर कोणी निघून गेले. प्रस्तुत लेखात अशा काही खेळाडूंचा परिचय करून द्यायचा आहे. त्यातही मुख्यतः एकाचा, जो आपल्याकडून गेला होता.

आधी युरोपातून आलेल्यांकडे पाहू. हंगेरीत १८४८-४९ चा उठाव मोडला गेला तेव्हा लोव्हेंथाल नावाच्या खेळाडूला देश सोडावा लागला. तो अमेरिकेमार्गे १८५१ मध्ये लंडनला पोचला आणि तिथलाच झाला. प्रागमध्ये जन्मलेला विल्हेल्म स्टाइनिट्झ १८६२ च्या स्पर्धेसाठी लंडनला आला आणि वीस वर्षे राहिला. लुब्लिनचा झुकेरटोर्ट १८७२ मध्ये आला. बुडापेस्टचा गुन्सबर्ग आला तो पुढे रीतसर ब्रिटिश नागरिक झाला. ह्या मंडळींचे पोट कशावर चाले? लंडनमध्ये स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर सिम्प्सनचे कॉफीगृह होते. तिथे हौशी श्रीमंत लोक येत, पैज लावून डाव खेळत आणि बहुतेक हरत. शिवाय वर्तमानपत्रांतून बुद्धिबळाची सदरे असत. स्टाइनिट्झने कित्येक वर्षे असे सदर चालविले. एकंदरीत मिळकत बेताचीच होती. झुकेरटोर्टला १८८८ साली सिम्प्सनच्याच कॉफीगृहात खेळता खेळता झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. स्टाइनिट्झचे इंग्रज मंडळींशी पटेना, तेव्हा तो सरळ उठून अमेरिकेला गेला. १८८६ साली याच दोघांत जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना झाला आणि स्टाइनिट्झ जिंकला.

'सरळ उठून गेला' हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. त्यांच्याकडे पुढे परत यावे लागेल.

विसाव्या शतकातील दोन नावे सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हेरा मेंचिक या मॉस्कोत जन्मल्या. वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतरच्या धामधुमीत त्या १९२१ मध्ये आईबरोबर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावी आल्या, तिथल्या क्लबात खेळू लागल्या आणि १९२७ साली लंडनलाच स्त्रियांच्या पहिल्या जगज्जेत्या ठरल्या. १९४४ च्या जूनमध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बाँबने त्या, त्यांची बहीण आणि आई एकाच घरात ठार झाल्या. दुसरे नाव जाक मीझेस याचे. हा जर्मन ज्यू. हिटलरच्या राज्यातून १९३८ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी निसटून तो इंग्लंडला आला. याचीही पुढे गरज पडणार आहे.

आता आपल्याकडे वळू. इंग्रज आणि हिंदी खेळाडूंची गाठ तशी जुनी. मुंबईतच १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. त्यात मूळ संस्कृतातला मजकूर युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून दिला होता. पुढे कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता. लंडनमध्ये नाव मिळवून आलेला हा खेळाडू १८४८ पासून महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली गृहस्थांशी शेकडो डाव खेळला. महेशचंद्र मधले प्यादे पुढे न ढकलता उंट बाजूने काढीत. युरोपच्या पुस्तकांना ही तऱ्हा विचित्र वाटली, पण पुढे त्याच तऱ्हेला 'इंडियन डिफेन्स' हे नाव मिळाले आणि आज जगातला प्रत्येक मोठा खेळाडू ती खेळतो. महेशचंद्र मात्र इंग्लंडला गेले नाहीत. त्यांचे डाव गेले.

प्रत्यक्ष माणूस गेला तो १९२९ साली, आणि त्याचे नाव मीर सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाना या गावी झाला. तो भाग आता पाकिस्तानात आहे. वडील मियाँ निजामुद्दीन यांनी त्यांना नवव्या वर्षी बुद्धिबळ शिकविले. एकविसाव्या वर्षी ते पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू गणले जाऊ लागले. सर उमर हयात खान टिवाना या बड्या जमीनदाराने त्यांना आपल्या पदरी ठेवले. राहणे, जेवण आणि वर काही वेतन अशी व्यवस्था झाली. १९२६ मध्ये त्यांनी युरोपीय नियमांचा खेळ शिकायला सुरुवात केली आणि १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत आठ डाव जिंकून, एक बरोबरीत सोडवून, एकही न हरता ते अजिंक्य ठरले.

'युरोपीय नियमांचा खेळ शिकले' म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या खेळाचे मर्म त्यातच आहे. आपला देशी खेळ निराळा. प्रांताप्रांतात फरक असले तरी मुख्य गोष्टी अशा: प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह मिळालेला नसेल तर तो एकदाच घोड्यासारखा अडीच घरे जाऊ शकतो. प्यादे शेवटच्या घरात पोचले की वाटेल ते मोहरे होत नाही, ज्या घरात पोचले त्या घरचे मोहरे होते. आमच्या वाडीवर शिमग्याला मुंबईचे लोक येतात तेव्हा देवळाच्या ओसरीवर पट मांडला जातो. तिथे अजूनही जुनी माणसे प्यादे एकच घर चालवतात, आणि आम्ही पोरांनी दोन घरे टाकले की 'हा कुठला तुमचा इंग्रजी खेळ?' म्हणून हटकतात.

अशा खेळात सुरुवात संथ होते. पहिल्या दहाबारा चालींत कोणी कोणाचा गळा धरीत नाही. मोहरी जोर धरून उभी राहतात, लढाई उशिरा जुंपते आणि निकाल शेवटी, चारसहा मोहरी उरल्यावर लागतो. या शाळेत तयार झालेला खेळाडू डावाच्या शेवटी वाघ असतो आणि डावाच्या सुरुवातीला, युरोपच्या हिशेबाने, अडाणी ठरतो. युरोपात तोवर सुरुवातीच्या चालींवर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले होते. ते सारे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये. सुलतान खान यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते.

१९२९ च्या वसंतात सर उमर यांच्याबरोबर ते लंडनला उतरले. सर उमर हे भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद, त्यामुळे त्यांचा मुक्काम लंडनला असे. सुलतान खान यांची तयारी अजमावण्यासाठी एक सरावाची स्पर्धा भरविण्यात आली. तीत ते तळाला राहिले. मग विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना हाताशी धरून सुरुवातीच्या चाली शिकविल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती साम्राज्यातील सर्व प्रजाजनांना खुली होती. सुलतान खान ती जिंकले! लंडनच्या बुद्धिबळ वर्तुळात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या वर्षाअखेर ते मायदेशी परतले, १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपला गेले, आणि पुढची साडेतीन वर्षे हा त्यांच्या पराक्रमाचा काळ होय.

त्या पराक्रमाची नुसती यादी दिली तर लेख कंटाळवाणा होईल. म्हणून एकच डाव जरा निवांत पाहू. हेस्टिंग्जला नाताळच्या सुमारास दरवर्षी स्पर्धा भरत असे. १९३०-३१ च्या स्पर्धेत सुलतान खान यांची गाठ होझे राउल कापाब्लांकाशी पडली. क्यूबाचा हा खेळाडू १९२१ ते १९२७ जगज्जेता होता आणि हरणे त्याला जवळजवळ माहीतच नव्हते. सुलतान खान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. एकविसाव्या चालीला कापाब्लांकाने आपला हत्ती शह देत थेट पांढऱ्याच्या पहिल्या पट्टीत उतरविला, लागोपाठ दुसराही आत आणला आणि दोन हत्ती देऊन वजीर घेतला. पाहणाऱ्याला वाटावे, संपला डाव. पांढऱ्याने किल्लेकोट केलेला नाही, राजा मधोमध उघड्यावर, आणि समोर काळा वजीर मोकळा सुटलेला.

पण देशी खेळात वाढलेल्या माणसाला उघड्यावरचा राजा ही काही भीतीची गोष्ट नव्हे. तिथे किल्लेकोट नसतोच, राजाने आपले आपणच सांभाळायचे असते. सुलतान खान यांनी घाई केली नाही. दोन्ही हत्ती एकमेकांना जोर देतील असे उभे केले, प्यादी एकेक घर पुढे नेली आणि त्या मोकळ्या वजिराची घरे एकामागून एक बंद करीत आणली. वजीर पटभर फिरतो आहे, पण त्याला करण्यासारखे काही उरलेले नाही, अशी अवस्था झाली. पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेत डॉ. मॅक्स युवे पहिले, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरे आले. कापाब्लांकाने पुढे त्यांना असामान्य प्रतिभेचा खेळाडू म्हटले. हा डाव मी पुस्तकातून पटावर मांडून तीनदा खेळून पाहिला. तिसऱ्या वेळी कुठे त्या हत्तींचे काम कळू लागले.

बाकीचे थोडक्यात. १९३१ मध्ये तार्ताकोवरसारख्या दिग्गजाला बारा डावांच्या सामन्यात त्यांनी हरविले. १९३२ मध्ये फ्लोरशी सामना थोडक्यात गमावला. १९३०, १९३१ आणि १९३३ अशा तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर खेळले. प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये त्यांनी फ्लोर आणि रुबिन्स्टाइन यांना हरविले आणि त्या वेळचा जगज्जेता अल्येखिन याच्याशी बरोबरी केली. ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. व्हेरा मेंचिक यांच्याकडून मात्र एकदा त्यांना हार खावी लागली. पण त्यात कमीपणा कसला? त्यांनी युव्यांनाही सोडले नव्हते.

याच घराण्यातील आणखी एक व्यक्ती जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. सर उमर यांच्या लंडनच्या घरात फातिमा नावाची एक तरुणी होती. १९३३ साली हेस्टिंग्जला स्त्रियांची ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा दहा डाव जिंकून, एक बरोबरीत सोडवून, एकही न हरता ती पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा तब्बल तीन गुण पुढे! म्हणजे त्या वर्षी ब्रिटिश साम्राज्याची पुरुषांची आणि स्त्रियांची दोन्ही अजिंक्यपदे हिंदुस्थानातून आलेल्या एकाच घरात होती. त्यानंतर फातिमांचे नाव मोठ्या स्पर्धांत दिसत नाही.

येथवर सारे विजयाचे झाले. आता दुसरी बाजू. इंग्लंडची हवा सुलतान खान यांना मानवली नाही. हिवताप उलटत असे, सर्दी आणि घशाचे दुखणे कायमचे. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते खेळायला येत. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन याने एक हकीकत लिहून ठेवली आहे. १९३३ च्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या घरी जेवायला गेला. पाहतात तो त्यांना वाढायला उभे कोण, तर साम्राज्याचे अजिंक्यवीर सुलतान खान! काल ज्यांच्यासमोर बसून खेळायचे, आज त्यांच्या पानात वाढायचे. पाहुण्यांना अवघडल्यासारखे झाले, असे फाइन लिहितो. वाढणाऱ्याला काय झाले ते कोणी लिहिलेले नाही.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. वय असेल तीस. एखाद्या खेळाडूचा खरा बहराचा काळ. पण युरोपातील स्पर्धांचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. स्टाइनिट्झ इंग्लंडला कंटाळला तेव्हा तो सरळ उठून न्यूयॉर्कला गेला, असे मी वर लिहिले आहे. सुलतान खान यांना उठायचे की बसायचे हे दुसरा माणूस ठरवीत होता. आणले म्हणून आले, नेले म्हणून गेले. फातिमांनी उतारवयात सांगितले की, परत आल्यावर सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले. तेव्हा त्यांना परत यावे लागले याचे दुःख कोणाला, हाही प्रश्नच आहे. कदाचित ते आपल्यालाच अधिक असेल.

परतल्यावर १९३५ मध्ये ते एक सामना खेळले, आणि प्रतिस्पर्धी होते आपले व्ही. के. खाडिलकर. दहा डावांत खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. एवढा बलवान माणूस घरी शेती पाहत राहिला. त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितल्याप्रमाणे ते मुलांना बुद्धिबळ शिकवीत नसत, आयुष्यात याहून उपयोगी काही करा म्हणत. १९६६ साली सरगोधा येथे क्षयाने त्यांचा अंत झाला.

इंग्रजी पुस्तकांतून सुलतान खान यांच्याबद्दल दोन शब्द हमखास वाचायला मिळतात. एक 'नोकर' आणि दुसरा 'निरक्षर'. २०२० साली त्यांच्यावर एक मोठे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, त्याच्या शीर्षकातच 'हिंदी नोकर' असे शब्द आहेत. त्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर आक्षेप घेतला. आमचे घराणे पीरांचे आणि जमीनदारांचे, सुलतान खान कोणाचे घरगडी नव्हते आणि निरक्षरही नव्हते, असे त्यांचे म्हणणे.

ह्या वादाचा निकाल लावण्याचा मला अधिकार नाही. परंतु दोन्ही शब्दांबद्दल काही सांगावेसे वाटते. 'निरक्षर' म्हणजे कोण? इंग्रजी पुस्तक वाचता न येणारा? तसे असेल तर आमच्या घरी माझ्या आधीची सारी पिढी त्यात बसते आणि बारावीपर्यंत मीही बसत होतो. कापाब्लांकाच्या वजिराची घरे कशी बंद करायची हे ज्ञान सुलतान खान यांच्याकडे होते. ते वडिलांकडून तोंडी आले होते, एवढेच. छापील नव्हते म्हणून ते अज्ञान ठरले. तळाला राहिलेली सरावाची स्पर्धा आणि त्यानंतर लगेच जिंकलेले अजिंक्यपद यांच्यामध्ये विंटर आणि येट्स यांनी त्यांना जे शिकविले, ते सुरुवातीच्या दहापंधरा चालींपुरते होते. त्यापुढचे पन्नास चालींचे त्यांचे त्यांनाच येत होते.

'नोकर' या शब्दाचे तसे नाही. तो कुटुंबीयांना झोंबला हे मी समजू शकतो. परंतु आमच्या महाड-पोलादपूर भागात चाकरी करणाऱ्याला 'चाकरमानी' म्हणतात आणि त्या शब्दात मान आहे. गणपतीला चाकरमानी येणार म्हणून घरे सारवली जातात, एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्याआधी काही वर्षे एका शेटजींच्या घरी पाणी भरीत. ते आम्ही कधी लपविले नाही. तेव्हा सुलतान खान यांनी पाहुण्यांना वाढले असेल तर त्यात त्यांची मान खाली जाण्यासारखे मला काही दिसत नाही. मला खटकते ते निराळेच. ज्याने तीनदा अजिंक्यपद आणले त्याला, 'मला अजून दोन वर्षे इथे राहून खेळायचे आहे' असे म्हणण्याची सोय नव्हती. नोकर म्हणा, आश्रित म्हणा की मानकरी म्हणा, ही अडचण सुटत नाही.

इथे महाडकरांना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. २० मार्च १९२७ रोजी आपल्या चवदार तळ्यावर ज्यांनी सत्याग्रह केला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३०-३१ च्या त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये होते. पहिली गोलमेज परिषद नोव्हेंबर १९३० ते जानेवारी १९३१ चालली. म्हणजे हेस्टिंग्जला कापाब्लांकाचा पाडाव झाला त्याच दिवसांत लंडनला बाबासाहेब ब्रिटिश मुत्सद्द्यांसमोर अस्पृश्यांची बाजू मांडत होते. तुलना खेळाडूची आणि लोकनेत्याची करू नये हे मला कळते. पण एक धागा दोघांत समान आहे. बाबासाहेबही १९१३ साली परदेशी गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, नोकरीच्या कराराने बांधले जाऊन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. इथपर्यंत गोष्ट सारखीच आहे. आश्रयदात्याची मुदत संपली की माणूस परत.

फरक पुढे आहे. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धा टाकलेला अभ्यास पुरा करून, अर्थशास्त्राची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊनच आले. त्यांच्याजवळ अशी एक वस्तू होती जिच्यावर नोकरी मिळत होती, ती म्हणजे पदवी. सुलतान खान यांच्याजवळ जी विद्या होती तिच्यावर त्या काळी हिंदुस्थानात कोणी नोकरी देत नव्हते. राजेरजवाडे आणि जमीनदार तेवढे पदरी ठेवीत. आमच्यापैकी पुष्कळजण शिष्यवृत्तीवर शिकतो, तेव्हा ही गोष्ट आमच्या जवळची आहे.

आता तो मीझेस आठवा. १९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, 'ग्रँडमास्टर' ही पदवी प्रथमच सत्तावीस खेळाडूंना दिली. त्यात पंच्याऐंशी वर्षांचा मीझेस होता. तो आता ब्रिटिश नागरिक असल्यामुळे इंग्लंडचा पहिला ग्रँडमास्टर हा मान त्या जर्मन निर्वासिताला मिळाला. त्याच्याबद्दल आकस नाही, मोठा खेळाडू होता. रुबिन्स्टाइनलाही पदवी मिळाली, आणि त्याने स्पर्धा खेळणे १९३२ सालीच सोडले होते. म्हणजे खेळणे थांबविले हे काही कारण होऊ शकत नाही. रुबिन्स्टाइन आणि तार्ताकोवर यांना हरविणारे, तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळविणारे सुलतान खान तेव्हा सरगोध्याला हयात होते. त्यांचे नाव यादीत नव्हते. त्यांच्यासाठी शिफारस करील असे तोवर कोणी उरले नव्हते, ना इंग्लंडात, ना फाळणी झालेल्या आपल्या दोन देशांत.

त्या ब्रिटिश अजिंक्यपदाचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. साम्राज्य गेले तरी राष्ट्रकुलातील खेळाडूंना ती स्पर्धा खुली राहिली. २००२ मध्ये चेन्नईचे आर. बी. रमेश ती जिंकले आणि २००३ मध्ये एडिंबरो येथे पुण्याचे अभिजित कुंटे. सुलतान खान यांच्यानंतर सत्तर वर्षांनी एका मराठी माणसाच्या हाती तो मान आला. कुंटे ग्रँडमास्टर म्हणून गेले, खेळले, जिंकले आणि परत आले, कोणाच्या सामानाबरोबर नव्हे. त्यानंतर नियम बदलण्यात आला आणि बाहेरच्या खेळाडूंना अजिंक्यपदाचे दार बंद झाले.

सुलतान खान यांना ग्रँडमास्टर ही पदवी २०२४ साली मिळाली. मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, सन्मान म्हणून. फिडेच्या अध्यक्षांनी ते प्रमाणपत्र पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या हाती दिले, आणि पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर म्हणून सुलतान खान यांची नोंद झाली. जिंकलेली तिन्ही अजिंक्यपदे ब्रिटनची, ऑलिंपियाडमध्ये पहिला पट इंग्लंडचा, आणि ज्या वर्षांत हे सारे घडले त्या वर्षांत पाकिस्तान हा देश नकाशावर आलेला नव्हता.